काल पाहिलेलं बाळ

तान्ह्या बाळाचे श्वास मोजायचे तर पुरतं एक मिनिट मोजावं लागतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, असं इथे चालत नाही. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भराभर चार-सहा घेतं, मध्येच थबकतं, पुन्हा सुरू होतं. ते रडत असेल किंवा दूध ओढत असेल तर तेव्हाचा आकडा कामाचा नसतो. ते निवांत होईपर्यंत थांबायचं, दुपटं हळूच बाजूला करायचं, पोट वर-खाली होताना पाहायचं आणि मोजत राहायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर धोका. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत हा आकडा ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. खेड्यातल्या घरात न्यूमोनियाचा संशय पक्का करून औषध सुरू करायला एवढं पुरतं.

पण मोजणारं माणूस तिथे हवं. त्या घरात शिरता येईल असं, बाळाच्या उशाशी मिनिटभर बसू दिलं जाईल असं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या आपल्या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा तिथल्या गावांत अशी माणसं म्हणजे सुइणी होत्या. प्रत्येक घर त्यांना ओळखत होतं. अडचण एकच, त्यातल्या बऱ्याच जणींना ६० पर्यंत आकडे येत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक साधं उपकरण तयार झालं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजणं सगळ्यांनाच येतं.

मला या उपकरणाबद्दल फार आदर वाटतो. सुईण अडाणी आहे, तिला आधी साक्षर करू आणि मग बघू, असं कुणी म्हणालं नाही. तिला जेवढं येतं तिथून पुढचा रस्ता बांधला. १९८८ पासून ५८ गावांत हे काम झालं, शेजारच्या ४४ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था होती, आणि दोन्हींची तुलना केल्यावर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू या ५८ गावांत निम्म्याहून कमी निघाले.

तरीही पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती. १९९३ ते ९५ या काळात त्या भागातल्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे सुमारे ६२ बाळं २८ दिवस पूर्ण व्हायच्या आत दगावत. वर्षभरात जेवढी दगावत, त्यातली बहुतेक याच चार आठवड्यांत. आणि हे चार आठवडे बाळ कुठे असतं? बाळंतिणीच्या खोलीत. बाहेर काढायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, परक्याची दृष्ट लागू द्यायची नाही. त्या बंद दाराशी डॉक्टर कधी पोचतच नव्हता. आजार तिथेच सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचा. अशा मृत्यूची नोंदही क्वचितच व्हायची. नाव ठेवायच्या आधीच गेलेल्या लेकराबद्दल ग्रामपंचायतीत जाऊन कोण सांगणार!

मग ३९ गावांत प्रत्येकी एक आरोग्यदूत नेमली गेली. पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावातल्या बायका. बाळंतपणाला हजर राहायचं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करायचा, बाळ ऊबदार ठेवायचं, लगेच अंगावर पाजायला लावायचं, वजन करायचं, आणि महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचं. जंतुदोषाची लक्षणं दिसली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर काही दिवस जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध द्यायचं. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. त्या वेळी मात्र ते ऐकून वैद्यकीय क्षेत्रातल्या अनेकांच्या कपाळावर आठी पडली. सातवी शिकलेली बाई दीड-दोन किलोच्या बाळाला सुई टोचणार? १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाली होती. जंतुदोष झालेल्या दर शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा दगावत, ती संख्या तीनच्या आत आली.

हे आकडे बऱ्याच जणांनी वाचलेले असतात. मला त्यामागची एक गोष्ट सांगायची आहे, कारण सगळं इंगित तिथे आहे असं मला वाटतं.

आरोग्यदूतीला जंतुदोष ओळखायला शिकवला तो मोजक्या लक्षणांवरून. आधी नीट दूध ओढणारं बाळ आता कमी ओढतं किंवा ओढतच नाही. आधी खणखणीत रडणारं आता बारीक रडतं. हातपाय ढिले पडलेत. अंग गार लागतं किंवा तापलंय. पोट फुगलंय, उलट्या होतायत. छाती खोल आत ओढली जातेय. बेंबीत पू झालाय. यातली दोन लक्षणं एकदम दिसली की थांबायचं नाही. आता ही यादी पुन्हा वाचून बघा. तिच्यातला ‘आधी’ आणि ‘आता’ काढून टाकला तर अर्धी यादी निकामी होते. एखादं बाळ मुळातच हळू ओढणारं असतं, एखाद्याचा आवाजच बारीक असतो. आज पहिल्यांदा पाहणाऱ्याला, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो, यातला फरक कळणार कसा? तो कळतो काल ते बाळ पाहिलेल्या माणसाला.

आईने काल पाहिलेलं असतंच. पण पहिलटकरीण असेल तर बिचारीला ठाऊक नसतं की हा फरक मोजायचा असतो, आणि ठाऊक असलं तरी घरात तिचं ऐकायला कुणी हवं ना! म्हणून आईखेरीज आणखी एक डोळस बाई हवी, जिने ते बाळ जन्मापासून पाहिलंय आणि जिला कशाकडे बघायचं हे शिकवलेलं आहे. औषधाची बाटली, थर्मामीटर, वजनकाटा हे तिच्या पिशवीतलं सामान झालं. तिचं खरं भांडवल म्हणजे तिच्याकडे असलेला काल.

नगर जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये ही गोष्ट दुसऱ्या वाटेने उमगली होती, आणि गडचिरोलीच्याही आधी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. तो कायम दुष्काळी मुलूख. त्या वेळी दर हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती, असं त्यांच्या पाहणीत आढळलं. सुरुवातीला त्यांनी गावोगावी शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. ते जमेना. बाहेरून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहणार कशी, आणि गावातल्या बायका तिला माजघरापर्यंत घेणार कशा! मग गावांनाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. ज्या आल्या त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांची सावलीही नको म्हणणारी माणसं गावात होती, त्याच बायका पुढे त्या माणसांच्या घरातल्या बाळंतिणींना धीर देऊ लागल्या. पाण्यासाठी बोअर घेताना आरोळे दांपत्याने त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे सगळ्या गावाला तिकडेच पाण्याला यावं लागे. बालमृत्यूंबद्दल बोलताना ही गोष्ट गाळली जाते. मला ती गाळता येत नाही. स्वच्छ पाण्याने जुलाब थांबतात, हे खरंच. पण एका हंड्याच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय त्या वस्तीतल्या बाईला पुढे कुणी बाळंतिणीच्या खोलीत घेतलं असतं का?

या बायका दर आठवड्याला जामखेडला येत. मुक्काम करत, एकत्र जेवत, आठवडाभरात गावात काय पाहिलं ते एकमेकींना सांगत. अमक्या घरातलं पोर तीन दिवस हगवणीने निपचित पडलं होतं, मी मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजायला लावलं, आज खेळतंय. दुसरी सांगे, माझ्याकडचं पोर गेलं. का गेलं यावर सगळ्या मिळून बोलत. शिक्षण चालू राहिलं वर्षानुवर्षं, एका शिबिरात आटोपलं नाही. पंचवीसेक वर्षांत तिथला अर्भकमृत्यू दर तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो जगाला दिसला. दर आठवड्याचं ते एकत्र बसणं मात्र बाहेरच्या कुणी फारसं उचललं नाही.

सरकारने मधल्या काळात एक प्रयत्न करून पाहिला होता. २ ऑक्टोबर १९७७ पासून गावागावांत हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य रक्षक नेमायची योजना आली, महिन्याला ५० रुपये मानधनाची. त्यात बहुतेक पुरुष नेमले गेले. पुरुष बाळंतिणीच्या खोलीत जाणार नव्हता, हे कुणाही आजीने सांगितलं असतं. योजना हळूहळू विरून गेली.

आशा, म्हणजे सरकारने नेमलेली गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, आली ती २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. या वेळी बाईच हवी, ती त्याच गावात राहणारी हवी, शक्यतो लग्न झालेली किंवा विधवा, परित्यक्ता हवी, म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार नाही. साधारण हजार वस्तीमागे एक; आदिवासी भागात पाड्यांच्या हिशोबाने. २०११ मध्ये गडचिरोलीच्या अनुभवातून घडलेली घरोघरच्या नवजात बाळसेवेची पद्धत देशभर आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशी आणखी एक. इंजेक्शन मात्र तिच्या हाती आलं नाही. लक्षण दिसलं की पाठवायचं, एवढंच. जिथे रस्ता आहे, गाडी येते, तिथे हे ठीक. पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकणाऱ्या पाड्यावर ‘पाठवा’ म्हणजे कुठे आणि कसं, हा प्रश्न उरतोच. गडचिरोलीने तो सोडवून दाखवला होता. त्या उत्तराचा धीट भाग मागे राहिला याची मला खंत आहे.

काही जण म्हणतील, आता घरी बाळंत कोण होतं! खरं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. राज्यातला अर्भकमृत्यू दर २०२० मध्ये हजारी १६ होता. १९७१ मध्ये देशाचा दर १२९ होता हे आठवलं तर केवढी मजल! पण दवाखान्यातून बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. पहिल्या महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस अजून घरातच जातात, आणि त्या घरात अजूनही कुणीतरी म्हणतं, सगळीच बाळं अशी झोपतात, होईल नीट.

माझी चुलत जाऊ मराठवाड्यातल्या आमच्या गावात आशा आहे. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. गावी गेले की तिच्याबरोबर मी भेटींना जाते. आधी कुतूहलाने जायची, आता तिचं काम बघायला मला मनापासून आवडतं म्हणून. गावातल्या म्हाताऱ्यांच्या लेखी ती अमक्याची सून. त्या तिला अगंतुगं करतात, ‘आशा कर्मचारी’ वगैरे त्यांना ठाऊक नाही. ताई त्यांना आत्याबाई म्हणते, डोक्यावरचा पदर सावरते, आणि तरी आपलं म्हणणं सोडत नाही.

एका घरी सातव्या दिवसाची भेट होती. ताई शिरली ती थेट मोरीकडे. घड्याळ काढलं, बांगड्या वर सारल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि कशालाही न पुसता हवेत सुकवले. मग तळवे एकमेकांवर घासले, गार हात बाळाला लागू नये म्हणून. काखेत थर्मामीटर धरला. झोळीत घालून वजन केलं. जन्मतः बाळ दोन किलो तीनशे होतं, ते आता दोन-दोनशे भरलं.

“घटलं की गं!” आजीचा चेहरा पडला.

“पहिल्या आठवड्यात घटतंच, आत्याबाई. दहा-बारा दिवसांत भरून यायला पाहिजे. मी चौदाव्याला येते तेव्हा बघू. नाही भरलं तर मग आपण दवाखान्यात दाखवायचं, तेव्हा नको म्हणायचं नाही.”

खोलीत शेगडी धुमसत होती, बाळंतिणीच्या शेकासाठी आणि ओव्याच्या धुरीसाठी. धूर बाळाच्या नाकातोंडात जात होता. शेक वाईट, धुरी वाईट, असं काही ताई बोलली नाही. बाळाच्या डोक्यावरची कुंची बघून म्हणाली, “आत्याबाई, कुंची फार चांगली शिवलीत हो. डोकं झाकलं की अर्धी थंडी जाते.” कौतुक खोटं नव्हतं; एवढ्याशा बाळाची बरीच ऊब डोक्यातून निघून जाते, आणि आपल्या आज्यांनी कुंची कशासाठी केली हे त्यांना नीट ठाऊक होतं. मग म्हणाली, “तेवढी शेगडी पडवीत घेऊ या. सुनेला तिथे बसवा शेकायला, तोवर बाळ आत झोपू द्या.” शेगडी बाहेर गेली. मध चाटवला का, हे विचारल्यावर आजी गप्प राहिली, तेव्हा ताईने आजीला नव्हे, बाळंतिणीला सांगितलं, सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नको. आणि हे सांगताना आवाज एवढा ठेवला की आजीला ऐकू जावं.

बाळ अंगावर घेऊन पाजायला लावलं आणि ती बघत बसली. तोंड पुरतं उघडतंय का, गिळल्याचा आवाज येतोय का. काल लघवी किती वेळा झाली विचारलं. शेवटी श्वास मोजले, मोबाइलवर मिनिट लावून. निघताना दारात थांबून बाळंतिणीला विचारलं, “कालच्यापेक्षा आज काही वेगळं वाटतं का गं?” मुलगी जरा विचारात पडली. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ताईला मी नंतर विचारलं, हे शेवटचं तुमच्या फॉर्ममध्ये आहे का? ती म्हणाली, असंच नाही, पण यातूनच सगळं कळतं. मग तिने मला दोन वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. सातव्या दिवसाची भेट झाली होती, चौदाव्याची व्हायची होती. अकराव्या दिवशी रस्त्यात त्या घरची आजी भेटली, सहज म्हणाली, कालपासून पोर गपगप राहतंय, गुणी आहे. ताई तशीच वळली. बाळाला उचललं तर हात लोंबला. चार दिवसांपूर्वी याच बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, ते तिला आठवत होतं. १०२ ला फोन केला, आजोबांशी वाद घातला, स्वतः गाडीत बसली आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या नवजात कक्षापर्यंत गेली. ते पोर आता अंगणवाडीत जातं. त्या अकराव्या दिवसाला फॉर्ममध्ये रकाना नाही. ठरलेले दिवस ३, ७, १४ असेच आहेत.

पैशांचं बोलायला पाहिजे. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की एका बाळामागे आशाला २५० रुपये, असा दर २०११ मध्ये ठरला. ते मिळायच्या अटींमध्ये वजनाची नोंद, जन्माची नोंद, लसी हे सगळं आहे आणि आणखी एक होतं: बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असणं. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढे वाचवेना. ज्या घरी बाळ गेलं, त्या घरी तीच बाई धावत गेली होती. रात्री तीच गाडीत बसली होती. दुसऱ्या दिवशी त्या आईच्या दाटून आलेल्या छातीचं काय करायचं हे सांगायला तीच जाणार. सगळ्यात अवघड भेटी तिथेच होतात, आणि अशा अटीने त्यांचंच मोल पुसून टाकलं.

२०१८ पासून पुढच्या भेटीही आल्या, बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं होताना, दर भेटीला ५० रुपये. या भेटी मोलाच्या आहेत. वरचं अन्न सुरू होतं आणि मूल सुकायला लागतं ते याच काळात. पण हे काम करायला दिवस उरतो कुठे? तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे असंसर्गजन्य आजारांचे फॉर्म, क्षयरोग आणि कुष्ठरोग शोधमोहीम, आयुष्मान कार्ड, लसीकरणाच्या दिवशी बोलावणं, बैठका, मोबाइलवरची माहिती. करोनात मास्कची वानवा असताना याच बायका दारोदार फिरल्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतलं सर्वेक्षण त्यांच्याच पायांनी झालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा आझाद मैदानावर बसल्या होत्या, आधी कबूल केलेल्या वाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून. मार्चमध्ये महिन्याला ५ हजारांची वाढ मिळाली. ताई त्या गर्दीत होती. तिथे बसलेली असतानाही तिच्या पिशवीत एका बाळाच्या एकविसाव्या दिवसाचा कागद होता, आणि तिने अंगणवाडी सेविकेला फोन करून त्या घरी पाठवलं होतं.

स्वयंसेवेतून हे काम उभं राहिलं, मग आता पगार कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी जामखेडकडे नीट बघायला सांगते. तिथल्या बायकांचं घर या कामाच्या पैशावर चालावं अशी रचना नव्हती, हे खरं. पण त्यांना दर आठवड्याला शिकायला मिळत होतं, चुकलं तर विचारायला माणूस होतं, महिला मंडळातून छोटं कर्ज मिळत होतं, त्यावर शेळ्या घेता येत होत्या, एखादा छोटा धंदा उभा करता येत होता. त्या मोबदल्यात त्यांनी आपल्या सवडीचा वेळ दिला. आजच्या आशेला सवडच ठेवलेली नाही. तिच्याकडून पूर्ण वेळ घ्यायचा, वर दर कामाला वेगळा दर लावायचा, आणि शिकवायचं मात्र वर्षातून काही दिवस. हा जामखेडचा वारसा नव्हे. मी आरोग्यखात्यात असते तर भेटीचे पैसे भेटीला दिले असते, बाळ जगो वा न जगो; अकराव्या दिवसाच्या भेटीलाही दिले असते; आणि महिन्याची एक बैठक अशी ठेवली असती जिथे एकही कागद भरायचा नाही, फक्त या महिन्यात कुठलं बाळ आजारी पडलं आणि ते तुला कशावरून कळलं एवढंच बोलायचं.

आणखी एक भोक आहे, ते आपल्याच रीतींनी पाडलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या आशेकडे, सातव्या महिन्यात मुलगी माहेरी, बाळंतपण तिकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा सासरी. तिकडची आशा म्हणते माझ्या यादीत नाव नाही, इकडची म्हणते बाई गावात नाही. नेमके ते चार आठवडे कुणाच्याच वहीत येत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर याहून कठीण. दिवाळीच्या आसपास आमच्या भागातून टोळ्या निघतात, त्यात पोटुशा बाया असतात, अंगावर पिणारी पोरं असतात. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत जन्मलेलं बाळ काल कुणी पाहिलेलं असतं? मुकादमाने नाही. पहाटे तीनला फडात जाणाऱ्या आईला स्वतःला उजेडात बघायला वेळ मिळत नाही. तिथल्या गावच्या आशेला ही माणसं आपली वाटत नाहीत, आणि तिच्या हजाराच्या वस्तीत ती धरलेलीही नसतात.

ताईने यावर तिच्यापुरता मार्ग काढला आहे. गावातली मुलगी माहेरी निघाली की ती तिच्या आईचा नंबर घेते, त्यावरून त्या गावच्या आशेचा. टोळी निघाली तर मुकादमाच्या बायकोचा. ओळख नसलेल्या बाईला फोन लावते, आधी आपलं गाव सांगते, मग बाळाचं. परवा मी समोर बसले होते तेव्हा असाच फोन चालू होता, परभणीकडच्या एका गावी.

“अहो ताई, ती आमची सून, तुमच्या गावची लेक. शनिवारी बाळंत झाली. जन्माचं वजन किती लिहिलंय कार्डावर? … एक नऊशे? मग अंगाला आंघोळ नको म्हणावं अजून, उघड्या छातीशी धरून ठेवायला सांगा. दूध कसं ओढतंय? … तुम्ही स्वतः बघितलंत का पाजताना? … नाही ना, मग आज जरा जाऊन बघाल का? हो, तुमच्या यादीत नाही, मला माहितीय. आज बघितलं म्हणजे उद्या कळेल तुम्हाला, वाढलं की घटलं. … परवा पण जाल? बरं. मी रात्री आठला फोन करते, तुमचा स्वयंपाक झाल्यावर.”